पडण्याचं रडणं, मोठं

दुपारी चार वाजता शेजारच्या घरातल्या टीव्हीवर अस्वलाचं पिल्लू झाडावरून पडायचं, आणि भिंतीच्या अलीकडे आई अंथरुणात उठून बसायची.

"धाकटा रडतोय," आई म्हणायची. "थोरले, बघ गं जरा. कुठे आपटला मेला."

थोरली छप्पन्न वर्षांची होती. धाकट्याला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती. आधी आधी "आहे गं, खेळतोय" एवढ्यावर आईचं समाधान व्हायचं. मग ती स्वतः उठून बघायला लागली. पलंगाखाली, कपाटात, धुण्याच्या यंत्रामागे. मागच्या आठवड्यात थोरली आंघोळीला गेली असताना आई दोन जिने उतरून अनवाणी रस्त्यावर गेली. पहारेकऱ्याने तिला हाताला धरून वर आणलं आणि दारातच सांगितलं, "आजी म्हणतात, पोरगा हरवलाय. किती वर्षांचा आहे?"

"तेहेतीस," थोरली म्हणाली. आणि दार लावून घेतलं.

आईचे कान गेलेले नव्हते. बाकीचं बरंच काही गेलं होतं. तारीख गेली, नवऱ्याचा चेहरा गेला, थोरली नेमकी कोण हेही मधूनमधून जायचं. राहिला तो कान, आणि त्या कानात एकच आवाज पक्का बसलेला. तो आवाज धाकट्याचा आहे असं आई म्हणायची तेव्हा ती चुकत नव्हती. आणि तो थोरलीने काढलेला आहे, हेही खरंच होतं.

शेजारणीला सांगून पाहिलं होतं. शेजारीण चांगली बाई. "मी आवाज कमी करते हो," ती म्हणाली, "पण आमची नात बघते ना, कमी केला की लगेच वाढवते. तिला तो ठेंगू फार आवडतो. तुम्हीच ना त्याचा आवाज? तिला सांगितलं मी, पण विश्वास नाही बसत."

नातीचंही बरोबर होतं. थोरलीच्या नरड्यातून आता जे निघत होतं ते ऐकून कोणाचाच विश्वास बसला नसता.

ती अकरा वर्षांची आणि धाकटा सात वर्षांचा असताना शाळेच्या बाईंनी दोघांना रेडिओवरच्या मुलांच्या कार्यक्रमाला नेलं. खोलीच्या भिंतींना भोकं भोकं असलेले पुठ्ठे लावलेले होते. आत गेल्याबरोबर आपला श्वास आपल्यालाच परत दिल्यासारखा वाटायचा. बुटक्या मुलांसाठी स्टूल होतं. धाकट्याला एकच वाक्य होतं: माझी होडी बुडाली, आता मी घरी कसा जाऊ? घरात त्याने ते इतक्या वेळा म्हटलं होतं की आई वैतागून म्हणाली होती, आता बुडू दे एकदाची.

लाल दिवा लागला आणि धाकटा दगड झाला. त्याने तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. कार्यक्रम थेट चालू होता. काचेपलीकडे बाईंचे डोळे मोठे झाले. थोरली त्याच्या खांद्यावरून वाकली आणि त्याच्याच आवाजात म्हणाली, "माझी होडी बुडाली, आता मी घरी कसा जाऊ?"

ती त्याला चिडवायला रोज घरी हे करायचीच. नाक थोडं चोंदल्यासारखं, शेवटचा शब्द वर उचललेला, रडू येईल न येईल अशा काठावरचा. फक्त आज तिने तो चिडवायला काढला नव्हता.

परत येताना धाकटा रस्त्यातले खडे लाथाडत चालला. मग म्हणाला, "तू का बोललीस?"

"तू बोलत नव्हतास म्हणून."

"मी बोलणार होतो."

"कधी? पुढच्या वर्षी?"

"आता आई काय म्हणेल?"

"काही सांगू नकोस. बावळट."

आई जिन्यातच उभी होती. तिने धाकट्याला उचललं, गालाचे मुके घेतले, जिन्यातल्या प्रत्येक दारात नेऊन दाखवलं. ह्याने म्हटलं बरं का, होडीचं ते ह्याने. धाकट्याने आईच्या खांद्यावरून थोरलीकडे पाहिलं. ती नजर पुढे त्याच्या तोंडावर केव्हाही यायची. घरातलं काहीतरी आपल्या हातून गेलंय आणि मागायची सोय नाही, अशी.

त्यानंतर दर आठवड्याला 'तो छोटा मुलगा' हवाच असायचा. दोघं जायची. धाकटा स्टुडिओत जमिनीवर मांडी घालून बसायचा, थोरली त्याचं बोलायची, शेवटी नावं वाचताना त्याचंही नाव यायचं. आईला कोणीच काही सांगितलं नाही. नंतर सांगायचं राहून गेलं, आणि पुढे तर ते सांगण्यासारखंही उरलं नाही. तेराव्या वर्षी धाकट्याचा आवाज फुटला. तिच्याकडचा शाबूत राहिला.

तिचं सगळं आयुष्य त्या शाबूत राहिलेल्या आवाजावर उभं राहिलं. रेडिओ नाटकांत तिने मोलकरणी केल्या, सवती केल्या, दवाखान्यातल्या परिचारिका केल्या, दंगलीतली गर्दी केली. कागद न वाजवता पान उलटायला शिकली. सुती, मऊ कपडे, हातात घड्याळ नाही, आणि पोट गुरगुरू नये म्हणून जाण्याआधी एक कोरडा पाव. टीव्ही आल्यावर बाहेरच्या मालिकांतल्या बायकांच्या ओठांवर तिने शब्द बसवले. एका कारस्थानी नणंदेच्या तोंडात ती चार वर्षं राहिली. फोनवर 'आपण रांगेत आहात' म्हणणारी तीच होती. एकदा डॉक्टरकडे फोन लावला तर स्वतःच्याच आवाजाने तिला वीस मिनिटं रांगेत ठेवलं. हे ती लोकांना हसत सांगायची. लोकही हसायचे.

लग्न झालं, सहा वर्षं टिकलं. घरी ती आवाज जपायला गप्प असायची. नवरा सभ्य माणूस होता, भांडला नाही. बॅग भरताना एवढंच म्हणाला, "तुझ्याशी बोलायचं तर मला टीव्ही लावावा लागतो."

आणि मग तिसाव्या वर्षी ठेंगू आला. अस्वलाचं पिल्लू, पाठीला पिशवी, सतत काहीतरी शोधत झाडावर चढणारं आणि पडणारं. निवडीच्या दिवशी अकरा बायका आल्या होत्या. ह्या धंद्यात लहान मुलगे बायकाच करतात. खरे मुलगे मोठे होतात, हा त्यांचा दोष. तिने धाकट्याचा सात वर्षांचा आवाज काढला आणि बाकीच्या दहा जणींनी आपापल्या पिशव्या उचलल्या.

धाकटा तेव्हा दुकानांच्या पाट्यांचे दिवे बसवायचं काम करत होता. परांचीवर उभा राहून, कमरेला दोर बांधून. पहिला भाग तो तिच्या घरी येऊन आईबरोबर बघत बसला. जाडा, मिशी राखलेला माणूस. पिल्लू बोललं तशी आई म्हणाली, "अय्या, हा तर आपला." आणि वळून धाकट्याच्याच पाठीवर थाप मारली.

"आई, मी इथे बसलोय."

"ते दिसतंय मला. तो लहानपणीचा."

धाकटा हसला. स्वयंपाकघरात येऊन थोरलीला म्हणाला, "माझा आवाज वापरतेस, निदान विचारायचंस."

"तुला कुठे लागतोय?"

"तसं नाही. पण मला आता आठवतच नाही मी कसा बोलायचो. तू बोलतेस तेच आठवतं."

तिने विषय बदलला. त्याला चहा दिला.

ठेंगूचं काम जिथे व्हायचं तिथे एक रीत होती. रोजचं ध्वनिमुद्रण संपलं की प्रत्येक कलाकाराने दहा मिनिटं 'पेटीला' द्यायची. पेटी म्हणजे पत्र्याची मोठी पेटी, टेपांनी भरलेली. शिंका, उचक्या, दचकणं, हसणं, धापा, रडणं. कधी कलाकार आजारी पडला, कधी शेवटच्या क्षणी चित्र बदललं, तर पेटीतून काढून लावायचं. सांभाळणारा ध्वनिमुद्रक पंचावन्नचा, काटकुळा. सगळे त्याला पेटीकाका म्हणायचे. टेपवर तो बारीक अक्षरात चिठ्ठी लावायचा. हसणं, लहान, दोन. शिंक, दबलेली. ज्याला नाव नाही ते पेटीत जात नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी, साडेअकराच्या सुमाराला, ती पेटीला देत असताना काचेपलीकडच्या दारातून कचेरीतली बाई आत आली आणि पेटीकाकांच्या कानात काही बोलली. पेटीकाकांनी बटण दाबून तिला सांगितलं. धाकटा पडला. चौथ्या मजल्याच्या उंचीवरून. दवाखान्यात नेईपर्यंत राहिला नाही.

त्यापुढचं तिला आठवत नव्हतं. आठवत होता तो बाहेरच्या बोळातला बाक, आणि त्याच्या रेक्झिनला गेलेली एक चीर, जिच्यात ती बोट घालत राहिली.

दोन महिन्यांनी आईशेजारी बसून ती टीव्ही बघत होती. पिल्लू फांदीवरून घसरलं, खाली आपटलं, आणि रडलं. सात सेकंद. आधी श्वास आत अडकलेला, मग तो सुटताना चिरका झालेला, मग काही बोलायचा प्रयत्न आणि ते न जमून पुन्हा रडणं. टीव्ही बघायला आलेली शेजारची पोरं खो खो हसली. ते इतकं खरं होतं की हसायलाच येत होतं.

तिने ते कधी पेटीला दिल्याचं तिला आठवेना. आणि मग कळलं. मंगळवारी टेप चालू होती. ती ठेंगूच्या आवाजातून बाहेर यायच्या आधीच तिला सांगितलं गेलं होतं. भावासाठी ती रडली ती भावाच्याच सात वर्षांच्या गळ्यातून, आणि त्या म्हाताऱ्याने ते गुपचूप उचलून, चिठ्ठी लावून पेटीत टाकलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर ती पेटीकाकांना म्हणाली, "मढ्यावरचं कापडसुद्धा सोडलं नाहीत तुम्ही."

पेटीकाकांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग चष्मा काढून पुसत राहिले. त्यानंतर तेरा वर्षं दोघं एकाच काचेच्या दोन बाजूंना बसून काम करत होती. 'घ्या', 'झालं', 'पुन्हा' ह्यापलीकडे ती त्यांच्याशी बोलली नाही. ते निवृत्त झाले तेव्हा ती निरोपाला थांबली नाही. तीन वर्षांपूर्वी ते वारले तेव्हा घरच्यांना भेटायलाही गेली नाही. तो राग तिला हवा होता. त्या मंगळवारातली धरून ठेवण्यासारखी तेवढी एकच गोष्ट होती.

दोन वर्षांपूर्वी तिचा आवाज गेला. गळ्याच्या डॉक्टरांनी पडद्यावर स्वरतंतू दाखवले. जुन्या दोरीसारखे दिसत होते. "किती वापरलाय," डॉक्टर म्हणाले, काहीशा आदराने. ठेंगू एका नव्या मुलीकडे गेला. रडणी मात्र पेटीतलीच राहिली.

आई रस्त्यावर गेली त्याच्या चौथ्या दिवशी, शेजारणीला आईजवळ बसवून, थोरली स्टुडिओत गेली. सोमवारपासून नवे भाग लागणार होते, बावन्न. जुन्यांचं काही करता येणार नाही हे तिला ठाऊक होतं. निदान नव्यांत ते नको.

पत्र्याची पेटी केव्हाच भंगारात गेली होती. तिच्यातलं सगळं यंत्रात भरलेलं होतं, पण नाव पेटीच राहिलं होतं. यंत्रावर एक तरुण मुलगी होती, केसांत पेन खोचलेली. थोरलीला पाहून ती खुर्चीतून उठलीच.

"ताई, मी तुमच्या आवाजावर लहानाची मोठी झाले."

"दिसतेस तशी," थोरली खरखरत म्हणाली. "माझं एक काम कर. एक रडणं काढून टाक."

मुलीने ऐकून घेतलं. आईचं, जिन्याचं, रस्त्याचं. धाकट्याचं थोरलीने एका वाक्यात सांगितलं. मुलगी यंत्रात शोधू लागली. पेटीकाकांच्या चिठ्ठ्या जशाच्या तशा उतरवलेल्या होत्या.

"पडण्याचं रडणं, मोठं. हेच ना? नव्या भागांत एकतीस ठिकाणी आहे." तिने पेन केसांतून काढून पुन्हा खोचलं. "मूळ टेपही आहे, अख्खी. ती लावते आधी, म्हणजे चुकून दुसरंच काही पुसायला नको."

थोरली नको म्हणेपर्यंत आवाज सुरू झाला होता.

दोन शिंका. एक उचकी. मग पेटीकाकांचा आवाज, बटणामागून, सांगणारा. मग शांतता, अशी की यंत्र बंद पडल्यासारखं वाटलं. मग ते सात सेकंद; पण इथे ते सातावर थांबले नाहीत, पुढे बराच वेळ चालू राहिले. मुलीने मान खाली घातली. शेवटी नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग तिचा स्वतःचा, सदतीस वर्षांचा, स्वच्छ, रोजच्या कामाचा आवाज.

"काका, टेप चालू आहे?"

"आहे गं. बंद करतो. पुसतो मी हे."

"नको. राहू दे. पेटीत टाका. असं परत जमायचं नाही."

"अगं पोरी…"

"लिहा. पडण्याचं रडणं. मोठं."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि दार.

मुलगी तिच्याकडे बघत नव्हती. थोरली यंत्रावरच्या रेषेकडे बघत होती. खालीवर होत गेलेली रेघ, आणि तिच्या टोकाला ते चार शब्द, तुलनेने सपाट.

एकोणीस वर्षं तिने दुसऱ्याच्या हातात चोरी ठेवली होती. तो माणूस चष्मा पुसत बसला आणि त्याने ती ठेवू दिली. आता तो नव्हता, आणि चोरी परत तिच्या हातात आली होती. ठेवायला दुसरी जागा नव्हती.

"पुसू?" मुलीने विचारलं. "पुसते मी. पण त्या एकतीस ठिकाणी दुसरं काही भरावं लागेल. नव्या ताईंचं लावून पाहिलं होतं. दिग्दर्शक म्हणाले, हे रुसल्यासारखं वाटतं, पडल्यासारखं नाही. आज सगळं पाठवायचंय." ती थांबली. "तुम्ही एकदा… सात सेकंदच लागतील."

थोरली आत गेली. खोली तशीच होती, श्वास परत देणारी. तिने घड्याळ काढून बाहेर ठेवलं होतं; सांगावं लागलं नाही. लाल दिवा लागला.

पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा खोकला. तिने डोळे मिटून जिना आठवला, होडी आठवली, नाक चोंदल्यासारखं केलं, शेवट वर उचलला. तो काठ तिला दिसत होता, पण तिथवर जाणारा आवाज मध्येच मोडत होता. घरात, जगात, कुठेच आता तो आवाज काढणारं कोणी उरलं नव्हतं. हे तिला आत्ता, दिव्याखाली उभं असताना, पहिल्यांदा नीट कळलं. तिसऱ्यांदा तिने काढलं ते काढलेलं नव्हतं. ते जाडं, बेसूर, फाटकं काहीतरी होतं, आणि ते थांबेना.

दिवा विझला. बऱ्याच वेळाने बटणामागून मुलीचा आवाज आला, अगदी हळू.

"ताई, हे लहान मुलाचं नाही वाटत."

"नाही."

"पण फार… म्हणजे, आमच्याकडे म्हाताऱ्या बाईचं एकही नाहीये. हे पेटीत ठेवलं तर चालेल का? नको असेल तर आत्ता पुसते."

पुस, असं म्हणायला थोरलीने तोंड उघडलं.

"किती सेकंदांचं झालं?" ती म्हणाली.

ती घरी पोचली तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती. शेजारीण म्हणाली, "आज शहाण्यासारख्या झोपल्यात," आणि आपल्या घरी गेली. जाताच तिच्याकडे टीव्ही लागला. सोमवार अजून यायचा होता. आज जुनाच भाग होता. सोमवारपासूनच्या नव्या भागांतही हेच रडणं येणार होतं, एकतीस वेळा.

पिल्लू पडलं.

आई उठून बसली. "धाकटा रडतोय. थोरले, बघ ना."

थोरली आतल्या खोलीत जाऊन यायची रोज. आज ती आईच्या पलंगाच्या कडेलाच बसून राहिली.

"आई, तो पडला."

"अगं बाई. फार लागलं का?"

"हो."

"उचललंस का त्याला?"

"नाही."

आईने तिच्याकडे पाहिलं, एखाद्या निर्दयी परक्या बाईकडे पाहावं तसं. मग पाय खाली सोडून चपला चाचपल्या, घातल्या, आणि भिंतीला धरून उभी राहिली. थोरलीने तिचे दोन्ही दंड धरले. आईच्या अंगात अजून बराच जोर होता. काही क्षण दोघी तशाच, एकमेकींना धरून, ओढाताण करत राहिल्या.

तेवढ्यात भिंतीपलीकडे पिल्लू हसलं. हसणं, लहान, दोन.

आईचे हात सैल पडले. तिचा चेहरा उजळला.

"बघ," ती म्हणाली. "हसला की. तू मेली उगाच घाबरवतेस."

ती पुन्हा पलंगावर बसली आणि भिंतीकडे कान लावून ऐकत राहिली. चपला मात्र तिने काढल्या नाहीत.